ओल्या सोपटांतली चित्रं

वत्सलाबाई राऊत स्वतःच्या रिकाम्या खोलीचं दारसुद्धा वाजवून मग उघडायच्या. शाळेतली चित्रकलेची खोली असो, घरचा माळा असो, नाहीतर कपड्यांचं कपाट असो. आधी दोन बोटांनी टकटक, मग हलकं खाकरणं आणि मग दार. निर्मळला त्यांच्या वाडीत मी भाडेकरू म्हणून राहायला गेले, त्या पहिल्याच दिवशी हा प्रकार पाहिला आणि न राहवून विचारलं, "बाई, आत कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग वाजवता कशाला?"

"आत भय बसलेलं असतं गो," त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या. "एकदम दार उघडलं तर तेही दचकणार, मीही दचकणार. त्याला बाजूला व्हायला जरा वेळ द्यावा."

मी साताऱ्याकडची. बाई चित्रकला शिकवत त्याच वसईतल्या शाळेत भूगोल शिकवायला लागले होते आणि भिण्याबिण्याचा मला मनापासून कंटाळा होता. बाई वेडसर आहेत की चेष्टा करतायत हे मला पहिले दोन-तीन महिने कळलं नाही. दोन्हीही नव्हतं. त्या खरोखर भीत होत्या. विजेला भ्यायच्या, तारवाल्याला भ्यायच्या, रवंथ करत बसलेल्या बैलाला वळसा घालून जायच्या. मोठ्यानं बोलणारं माणूस समोर आलं की त्यांचा हात आपोआप गळ्याकडे जायचा. शाळेतली पोरं हुशार. वर्गात कोणी फळ्यावर डस्टर आपटलं की बाई दोन इंच उडतात हे त्यांना ठाऊक होतं. पण गंमत म्हणजे पोरं डस्टर आपटायची नाहीत. सगळ्या शाळेत तेवढ्या एकाच वर्गात दारं हळू लावली जायची.

नवरा लग्नानंतर चारेक वर्षांत विषमज्वरानं गेला. मूलबाळ नव्हतं. लोक म्हणायचे, त्या धक्क्यानंच बाई अशा झाल्या. मी एकदा तसं बोलले तर त्या मान हलवून म्हणाल्या, "नय गो. मी पहिल्यापासून अशीच. हे होते तेव्हा त्यांचा हात धरून भ्यायचे, आता एकटी भिते. एवढाच फरक."

घर त्यांच्या धाकट्या दिराचं, जनूभाऊंचं. जनूभाऊ म्हणजे वाडीतलं चालतंबोलतं राज्य. केळी, मोगरा, नागवेलीची पानं, जे काही मुंबईला जायचं ते त्यांच्या हाताखालून जायचं. बायको-मुलांवर ओरडताना आवाज विहिरीपलीकडे ऐकू जाई. पण वहिनीसमोर हा माणूस कधी खाटेवर बसला नाही. "वयनी" म्हणताना त्यांचा आवाज निम्म्यावर यायचा. घराच्या माळ्यावर सुकेळी ठेवायची जागा होती. उन्हात वाळवलेली, मधाच्या रंगाची केळी सुक्या पानांत गुंडाळून तिथं रचलेली असायची. त्याच माळ्याचा अर्धा भाग जनूभाऊंनी वहिनीला चित्रांसाठी मोकळा करून दिला होता, आणि पोरांना ताकीद होती की वर जाऊन दंगा केला तर तंगडं मोडीन.

मी तो माळा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाच भय वाटलं, हे कबूल करते. मला वाटलं होतं बाई फुलदाण्या काढत असतील, फार तर निर्मळचं देऊळ आणि तळं. तिथं भिंतीभर मांजरपाटाची कापडं टांगलेली. त्यांवर काजळी, नीळ, गेरू, एवढेच रंग. एका कापडावर खालच्या बाजूला काळ्याचा एक थर, त्याच्या वर एकच रेघ, आणि मग वरपर्यंत नुसतं कोरं कापड. माणूस नाही, झाड नाही, काही नाही. मी समोर उभी राहिले आणि मला विहिरीत वाकून बघितल्यासारखं झालं.

"हे कशाचं चित्र?" मी विचारलं.

बाईंची लगेच तारांबळ. "तुला कशाचं वाटतं?"

हा त्यांचा ठरलेला डाव होता. विचारणाऱ्याला राग येऊ नये म्हणून त्या प्रत्येकाला त्याच्या आवडीचं उत्तर द्यायच्या. कोळीण विचारायला आली तर चित्र कळंबच्या समुद्राचं, जाऊबाईंनी विचारलं तर केळीच्या पानाचं, भटजींनी विचारलं तर ओंकाराचं. एकाच कापडाचं. मला मात्र त्या बऱ्याच दिवसांनी एकदा खरं बोलल्या. "कशाचंच नाही गो. रात्री जे भय वाटतं, ते सकाळी कुठं ठेवू? इथं ठेवते. काळं झालं की थांबते. मग बाकीची जागा रिकामी ठेवायची. तेच कठीण. काहीतरी भरावंसं वाटतं ना सारखं."

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आमच्या शाळेत चित्रकलेच्या परीक्षेसाठी मुंबईहून परीक्षक आले, सबनीस नावाचे. स्वतः चित्रकार, खांद्याला झोळी, बोटांत सतत सिगारेट. चित्रकलेच्या खोलीची एक भिंत ओलीनं खराब झाली होती, ती झाकायला बाईंनी आपलंच एक कापड टांगलं होतं, तेही चित्राची बाजू भिंतीकडे करून. वाऱ्यानं ते उलटलं. सबनीस पेपर तपासायचे सोडून त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"हे कोणाचं काम?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या.

मी मागेच होते. मी म्हटलं, "यांचंच आहे. घरी अशी वीस-पंचवीस आहेत." बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना बैलापुढे ढकललं आहे.

दोन महिन्यांनी पत्र आलं. मुंबईत अमूर्त चित्रांचं मोठं समूह प्रदर्शन भरणार होतं. पोलंड, जपान, युगोस्लाव्हिया, अशा कुठून कुठून चित्रं येणार होती, आणि इथल्या मोजक्या लोकांत वत्सला राऊत यांची तीन चित्रं हवी होती. बाईंनी पत्र वाचलं आणि त्या पायरीवर बसल्या. मला वाटलं आनंदानं. जवळ जाऊन पाहिलं तर त्या पत्राची घडी पुन्हा पाकिटात घालत होत्या.

"मी 'नको' म्हणून कळवते," त्या म्हणाल्या. "मला नय जमायचं. लोक विचारतील."

"विचारू देत. तुम्ही काय चोरी केलीय?"

"पण मना हवंय गो ते," त्या एकदम घरच्या बोलीत म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. त्यांना काही हवं आहे असं त्यांच्या तोंडून मी तोपर्यंत ऐकलं नव्हतं. वयाची पन्नाशी जवळ आली होती. माळ्यावरची चित्रं वाडीबाहेर कोणी पाहिली नव्हती, आणि पुन्हा असा सबनीस वसईला येईल याचा भरवसा नव्हता. हे त्यांनाही कळत होतं.

मी त्यांना विचारलं, एवढं भय वाटतं तर कसं करणार? तेव्हा त्या डोळे पुसून म्हणाल्या, "भय काय मेल्याशिवाय जाणार नाही. पोर रडतं म्हणून बाजार चुकवतो का आपण? त्याला कडेवर घ्यायचं आणि जायचं." हे वाक्य त्या स्वतःला पुढचे कित्येक दिवस ऐकवत होत्या. मी स्वयंपाक करताना वरून ऐकू यायचं, "कडेवर घ्यायचं आणि जायचं."

जनूभाऊंना आनंद झाला तो विचारू नका. वहिनीची चित्रं मुंबईला जाणार, तिथं गोरे लोक बघणार! कळंबपर्यंत त्यांनी ही बातमी स्वतः पोचवली. न्यायची कशी हा प्रश्नच नव्हता. फुलांचा टेंपो रोज पहाटे दादरला जात होता. "माल बांधायचं माझ्यावर सोडा," ते म्हणाले. "मी बांधलेली करंडी आजवर कोणी परत केली नाय."

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी शाळेत होतो. संध्याकाळी घरी आलो तर ओटीवर दोन लांब गुंडाळ्या तयार. पानांच्या करंडीला घालतात तशी केळीच्या खोडाची ताजी सोपटं सोलून, ती एकावर एक गुंडाळून, दोऱ्यानं अशी सुबक बांधली होती की बघत राहावं. तिसरं चित्र लहान होतं. त्यावर शेवटचा हात फिरवायचा म्हणून बाईंनी ते आपल्या खोलीत नेऊन ठेवलं होतं, तेवढं बांधायचं राहून गेलं. जनूभाऊ कौतुकाच्या अपेक्षेनं उभे होते. बाईंनी गुंडाळीवर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"गार लागतंय," त्या हळूच म्हणाल्या.

"लागणारच! वरून पाणी शिंपडलंय," जनूभाऊ म्हणाले. "मुंबईचा माल कोरडा पाठवायचा नसतो वयनी."

मी वाट बघत होते की बाई आता म्हणतील, सोडा ते. त्यांनी ओठ उघडले, जनूभाऊंच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "छान बांधलंत, भाऊजी."

पहाटे टेंपो निघाला. पांडू ड्रायव्हर, शेजारी आम्ही दोघी, मागे फुलांच्या करंड्यांत जनूभाऊ आणि त्या दोन गुंडाळ्या. लहान चित्र जुन्या लुगड्यात गुंडाळून बाईंनी मांडीवर घेतलं होतं. वालीवच्या कारखान्यांवरून हमरस्त्याला लागेपर्यंत त्या गप्प होत्या. मग सुरू झाल्या. "गार होतं गो ते. आत गेलं असेल का?"

"आत कागद घातलेत त्यांनी. मी विचारलंय."

"कागद किती?"

"बाई, पुरे."

खाडीवरचा पूल आला. बाईंनी डोळे मिटले आणि माझं मनगट धरलं. पांडू हसला. "बाय, पूल काय आज पडनार नाय. खाली पानी बघा, कसा मस्त दिसतंय." बाईंनी पाणी बघितलं नाही. मिटल्या डोळ्यांनी त्या पुटपुटल्या, "मी पुलाला नय भीत आज." आणि मग इतक्या हळू की मला वाकून ऐकावं लागलं, "केळीचा चीक."

मी वसईत नवी राहिले नव्हते. केळीचा चीक कपड्याला लागला की लागला. लागताना दिसत नाही, पाण्यासारखा असतो. वाळला की तपकिरी होतो आणि मग दिवसेंदिवस काळा पडत जातो. साबण, लिंबू, रॉकेल, कशानं जात नाही. केळी तोडायचे कपडे घरोघर वेगळे ठेवलेले असतात. हे तिथं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. मग जनूभाऊंनी ओली सोपटं कोऱ्या मांजरपाटावर कशी काय गुंडाळली? उरलेला सगळा रस्ता मी मागे वळून बघत होते. जनूभाऊ गुंडाळ्यांवर ओलं गोणपाट नीट पसरत होते. दोन तासांचा तो प्रवास मी आयुष्यात विसरलेले नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा बाईंसारखी भ्याले, आणि कळलं की हे काही सोपं काम नाही.

फोर्टमधलं ते कलादालन दुसऱ्या मजल्यावर होतं. जनूभाऊंनी गुंडाळ्या वर नेऊन ठेवल्या, सबनीसांना वाकून नमस्कार केला, आणि दादरला फुलं उतरवून दुपारी न्यायला येतो सांगून टेंपोबरोबर गेले. आजूबाजूला परदेशी चित्रांच्या पेट्या उघडत होत्या. गुळगुळीत फळ्या, पितळी स्क्रू, आत मऊ कागद. त्यांच्यामध्ये आमची सोपटं फरशीवर पाणी गाळत पडली होती. बाईंनी गाठ सोडायला बोटं लावली, पण बोटं चालेनात. शेवटी मी सोडली.

कागद भिजून लगदा झाला होता. दोन्ही कापडांत कडेनं चीक शिरला होता. फिकट तपकिरी ओघळ, एका चित्रात चार-पाच, दुसऱ्यात त्याहून जास्त, काळ्याच्या वरच्या कोऱ्या भागात थेट मध्यापर्यंत. बाईंनी एका ओघळावर बोट ठेवलं, जणू तो पुसला जाईल.

सबनीस आले. मला वाटलं आता हा माणूस कपाळाला हात लावणार. ते दोन पावलं मागे गेले, मान तिरकी केली आणि म्हणाले, "ताई, हे काय करून आणलंत तुम्ही! कमाल!" त्यांनी कोणाला तरी हाक मारली. पोलंडहून आलेल्या एक चित्रकार बाई होत्या, उंच, पांढरे आखूड केस. त्यांनी चष्मा चढवून बराच वेळ पाहिलं आणि इंग्रजीत काहीतरी बोलल्या. सबनीसांचा चेहरा खुलला. "ताई, त्या म्हणतायत की इतकं निर्भय काम त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नाही. एवढी शांत कोरी जागा ठेवायची आणि मग ती अशी मोडायची, त्याला छाती लागते म्हणतात."

निर्भय! दुसरी कोणतीही वेळ असती तर मी हसून लोळले असते. तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. झालं, देवाच्या कृपेनं निभावलं. बाईंनी नुसती मान डोलवायची होती. आयुष्यभर ज्याला जे हवं ते उत्तर देत आलेल्या बाई. कोळिणीला समुद्र आणि भटजींना ओंकार. इथं तर बोलायचीही गरज नव्हती.

बाईंनी माझं मनगट पकडलं. नखं रुतली. "त्यांना सांगा," त्या सबनीसांना म्हणाल्या, आणि आवाज इतका कापत होता की सबनीसांना वाकावं लागलं, "ते मी केलेलं नाही. ते डाग आहेत. प्रवासात पडले."

सबनीस हसले. "असेनात का. अपघातालाही चित्रात जागा असते."

"असेल. माझ्या चित्रात नाही. तिथं मला काही नको होतं. काहीच नको, एवढं ठरवायला मला वर्ष लागलं. ही दोन लावू नका."

"ताई, नावं छापून झालीत. भिंत आखलीय. तिन्ही लावायची, नाहीतर मी ती जागा दुसऱ्याला देतो."

मी बाईंच्या कानात म्हटलं, "हो म्हणा, बाई. कोणाला कळणार आहे?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "मला फार भय वाटतंय," त्या सबनीसांना म्हणाल्या, "पण ते माझं नाही. मग एकही नको." आणि दाराकडे निघाल्या. निघाल्या म्हणजे, एक पाऊल टाकलं आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

सबनीस रागानं बाहेर गॅलरीत गेले. सिगारेट संपवून आत आले तेव्हा राग उतरला नव्हताच, पण हात पुढे केला. "द्या ते लहान." विजेच्या बटणांच्या फळीशेजारी, जिथं परदेशी चित्र कोणी लावलं नसतं, तिथं ते लहान चित्र लागलं. वीतभर काळं, एक रेघ, बाकी कोरं. बाईंनी त्याच्याकडे वर मान करून पाहिलंसुद्धा नाही.

त्यांना आता दुसऱ्याच भयानं घेरलं होतं. "भाऊजी येतील," त्या म्हणाल्या. "सुमन, त्यांना कळता कामा नये. शपथ घे."

मी चिडले. "कळू दे की! एवढं नुकसान केलंय."

"नको गो. अख्ख्या निर्मळात माझ्या चित्रांना न हसलेला तो एक माणूस. कळलं तर मान वर करायचा नाही पुन्हा. मला ते बघवणार नाही." मी शपथ घेतली. चित्रांची बाजू आत करून आम्ही दोन्ही कापडं गुंडाळली.

जनूभाऊ आले ते चपला जिन्याशी काढून. लहान चित्रासमोर टोपी हातात घेऊन उभे राहिले. "बरं दिसतंय हां," म्हणाले. मग त्यांचं लक्ष खाली गेलं. "ही दोन?"

"जागा पुरली नाही, भाऊजी," बाई पटकन म्हणाल्या. "बाहेरदेशची पाहुणी माणसं. त्यांना आधी द्यायला नको?"

"द्यायला पायजे," जनूभाऊ म्हणाले आणि गुंडाळी उचलायला वाकले. कापडाची कड त्यांनी दोन बोटांत धरली आणि हात तिथंच थांबला. नुसता थांबला. मग त्यांनी फरशीवरची ओली सोपटं एकेक करून गोळा केली, खिडकीखालच्या टोपलीत टाकली, खांद्यावरचा कोरडा पंचा काढला आणि दोन्ही चित्रं त्यात गुंडाळली. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

खाली टेंपोशी, बाई आत चढत असताना, ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, वयनीला सांगू नका, मना कळलं म्हणून. आधीच घाबरट माणूस. मला काय वाटलं असेल याचीच काळजी करत बसेल."

अशी मी अडकले. एका घरात दोन माणसं, एकच गोष्ट दोघांना ठाऊक, आणि दोघांनी मला गप्प राहायला लावलेलं. पुढे जनूभाऊंनी वालीवच्या एका सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली, पितळी स्क्रू लावलेली, अगदी तिथं पाहिली होती तशी. "पुढल्या टायमाला लागेल," म्हणाले. बाईंना त्या पेटीचंही भय वाटायला लागलं. "एवढी पेटी कशाला आणली गो त्यांनी? काही कळलं तर नसेल?" मी म्हणायचे, छे, कुठून कळणार. तिकडे ओटीवर जनूभाऊ विचारायचे, वयनीला संशय तर नाय ना आला? मी म्हणायचे, छे. खोटं बोलून बोलून माझी जीभ थकली, पण दोघांची तोंडं बघून खरं बोलवेना.

पुढला टाइम आला नाही. प्रदर्शन झालं, लहान चित्र टपालानं परत आलं, वर्तमानपत्रात कुठं नाव नव्हतं. सबनीसांनी पुन्हा बोलावलं नाही. बाई माळ्यावर चित्रं काढत राहिल्या. न बोलावल्याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण पोस्टमन फाटकाशी दिसला की आता त्या घाबरून आत जात नसत, थांबून बघत.

मग काही वर्षांनी त्यांना पोटाचं दुखणं लागलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं तेव्हाच आम्ही काय ते समजलो. जाण्याच्या आठवडाभर आधी, एका दुपारी, मी उशाशी बसले होते. बाईंनी डोळे उघडले आणि माझं मनगट शोधलं.

"सुमन, ती दोन जाळून टाक. आजच. माझ्यामागे भाऊजी माळा आवरतील, उघडून बघतील. मला सारखं तेच दिसतं गो. डोळा लागत नाही."

इतक्या वेदनेत हे बाईंचं शेवटचं भय होतं. माझ्यानं ते बघवेना. मी म्हटलं, "बाई, त्यांना ठाऊक आहे. त्याच दिवशी कळलंय. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाहीत."

बाई छताकडे बघत राहिल्या. "तेव्हापासून?"

"तेव्हापासून."

"बोलाव त्यांना."

जनूभाऊ आले. नेहमीसारखे उंबऱ्याशी उभे राहिले. बाईंनी मला सांगून स्वतःला उशीला टेकवून घेतलं. आणि मग जो आवाज निघाला, तो मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "किती नुकसान केलंत हो माझं, भाऊजी! वर्ष गेलं होतं माझं त्यात! एकदाच बोलावलं होतं मला, आयुष्यात एकदा, आणि तुम्ही माझी दोन चित्रं घालवलीत! विचारायचं तरी होतं! केळीच्या वाडीत जन्म गेला तुमचा, चीक माहीत नव्हता?" शेजघरातून जाऊबाई धावत आल्या, मुलं आली. त्या घरात वत्सलाबाई कोणावर तरी ओरडतायत हे कोणालाच खरं वाटेना. जनूभाऊ मान खाली घालून ऐकत होते, गालांवरून पाणी वाहत होतं. बाईंना धाप लागली तसे ते म्हणाले, "बोला, वयनी. आणखी बोला."

बाई पाण्याचा घोट घेऊन पुन्हा म्हणाल्या, "आणि वर पाणी कशाला मारलंत?"

जनूभाऊंनी पंच्यानं तोंड पुसलं. "मना ती कापडं वाटलीच नाय वयनी," ते म्हणाले. "जिती वाटली. नागवेलीची पानं असतात तशी. वाटेत मरतील म्हणून भ्यालो."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"मग बरोबर केलंत," त्या म्हणाल्या.